‘लूप असताना पीडीएसएच कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेत दोन तक्रारी आहेत. एक, फॉर लूपमध्ये अँपरसँड (कमांड मागे सोडून पुढे जाणारं चिन्ह) आणि खाली वेट (सगळ्या संपेपर्यंत थांबणं) लिहून काम भागत असताना पीडीएसएच (एकच कमांड अनेक मशिनवर एकाच वेळी चालवणारं टूल) कशाला? दोन, अंधेरीच्या ऑफिसातून महापेच्या १६० नोडवर (क्लस्टरमधल्या मशिनवर) फॅनआउट (एका वेळी किती नोडशी जोडायचं तो आकडा) १६० ठेवून चालवलं, तर दर वेळी वेगळेच काही नोड गळतात, तेव्हा हे टूल भरवशाचं नाही. दुसरी आधी घेतो, कारण तिथे टूलवर उगाच आळ आलाय.

नोड बिघडला असता तर दर वेळी तोच गळला असता. तुम्हीच लिहिलंय की महापेला जायचं ते एका जंप होस्टवरून (आत जायच्या वाटेवरचं मधलं मशिन). प्रॉक्सीजंपमध्ये (जंप होस्टमार्फत पुढे जायची एसएसएचची सोय) प्रत्येक नोडसाठी जंप होस्टवर स्वतंत्र कनेक्शन उघडतं, म्हणजे एकाच क्षणी १६०. ओपनएसएसएचच्या (दूरच्या मशिनवर लॉगिन करण्याचं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर मॅक्सस्टार्टअप्स ही सेटिंग असते, डीफॉल्ट १०:३०:१००. लॉगिन पुरं न झालेली कनेक्शनं १० झाली की नव्याला नकार मिळण्याची शक्यता ३० टक्के होते. ती वाढत जाते आणि १०० ला सरसकट नकार. नकार कोणाच्या वाट्याला येईल ते ठरलेलं नसतं, म्हणून यादी रोज बदलते. गळलेल्या नोडसमोर एक्झिट कोड (कमांड कशी संपली ते सांगणारा आकडा, शून्य म्हणजे ठीक) २५५ आणि ‘कनेक्शन क्लोज्ड बाय रिमोट होस्ट’ दिसत असेल, तर हेच झालंय.

यावर सगळ्यात सरळ उपाय म्हणजे पीडीएसएच लॅपटॉपवर न चालवता महापेतल्याच लॉगिन नोडवर (लोक जिथे लॉगिन करतात ते मशिन) चालवणं. तिथून प्रत्येक कनेक्शन वेगळ्या मशिनच्या सर्व्हरवर जातं, एका दारावर गर्दी होत नाही. ते जमत नसेल तर जंप होस्टसाठी कंट्रोलमास्टर आणि कंट्रोलपर्सिस्ट लावा (एकच ‘मास्टर’ कनेक्शन उघडं ठेवून सगळ्यांनी तेच वापरायच्या एसएसएचच्या सेटिंग). पण आधी एक कनेक्शन हाताने उघडून ठेवा, नाहीतर मास्टर तयार होण्याआधीच सगळे धडकतात आणि गत तीच. मॅक्ससेशन्सच्या (एका कनेक्शनवर किती सेशन चालतील ती सर्व्हरची सेटिंग) १० च्या मर्यादेची इथे काळजी नको. ती शेलच्या सेशनला लागते, फॉरवर्डिंगला, म्हणजे कनेक्शन नुसतं पुढे नेण्याला, नाही.

आणि १६० हवेत तरी कशाला? पीडीएसएचचा डीफॉल्ट फॅनआउट ३२ आहे. दोन सेकंदांची कमांड १६० नोडवर ३२-३२ करत साधारण दहा सेकंदांत उरकते. वाचले आठ सेकंद! पॅकेज अपडेट किंवा एनएफएसवरची (सगळ्या नोडना नेटवर्कवरून दिसणाऱ्या सामाईक डिस्कवरची) मोठी फाइल वाचणं असेल तर मी ३२ वरूनही खाली, ८ वर येईन, कारण तिथे दम नोडचा नव्हे, फाइल सर्व्हरचा निघतो.

आता लूप. चार मशिनना अपटाइम (किती वेळ चालू आहे ते) विचारायचा असेल तर खुशाल लूप लिहा. १६० ला मात्र तो वेगात कमी पडत नाही, हिशेबात कमी पडतो. बॅशमधला (कमांड चालवणारा शेल) नुसता वेट, मागचे सगळे जॉब फसले तरी शून्यच परत देतो. आउटपुटच्या ओळी एकमेकांत मिसळतात आणि कोणती ओळ कोणाची ते कळत नाही. पीडीएसएच प्रत्येक ओळीआधी नोडचं नाव लावतं. ते डीएसएचबॅकला (पीडीएसएचचं आउटपुट नीट मांडणारं जोडटूल) ‘डॅश सी’ देऊन पाइप केलं की सारखी उत्तरं एका गठ्ठ्यात येतात: कर्नल व्हर्जन विचारलं तर १५७ नोडचा एक गठ्ठा, आणि जुन्या कर्नलवर राहिलेले तीन खाली वेगळे. तेवढेच तर शोधायचे असतात.

तरी पीडीएसएचही डोळे मिटून वापरायचं नाही. मोठा ‘डॅश एस’ दिला नाही तर नोडवर कमांड फसली तरी ते शून्य देतं. दिला, पण पुढे डीएसएचबॅकला पाइप केलं, तर पाइपफेल (पाइपमधल्या कोणाचंही अपयश कळवणारी बॅशची सेटिंग) लावल्याशिवाय तो कोड पुन्हा हरवतो. तसंच दुहेरी अवतरणात डॉलर-कंसात होस्टनेम लिहिलंत तर १६० वेळा तुमच्याच लॅपटॉपचं नाव छापून येईल. एकेरी अवतरण वापरा.

टाइमआउटचं तर लूप आणि पीडीएसएच दोन्हीकडे सारखंच. पीडीएसएचला ‘डॅश यू ६०’ ही मुदत दिली तर साठ सेकंदांनी इथला एसएसएच मरतो, पण नोडवरची प्रोसेस बहुतेक वेळा चालूच राहते. तुम्ही परत कमांड मारता आणि एकाच नोडवर दोन प्रती एकाच फाइलवर लिहू लागतात. म्हणून मुदत नोडच्या बाजूला द्या: कमांडच्या आधी ‘टाइमआउट ६०’ लिहा आणि ‘डॅश यू’ ७० ठेवा. मुदत संपली तर कोड १२४ येतो, कनेक्शनच झालं नाही तर २५५. परत चालवायचे नोड त्यावरून वेगळे काढता येतात.