डाळीला लागलेले कुंकू

आमच्या स्वयंपाकघराची सूत्रे वर्षातून एखाद्याच दिवशी माझ्या हाती येतात आणि ती परत देताना मला कधीही दुःख झालेले नाही. यंदा जानेवारीत सौभाग्यवती भाचीच्या लग्नासाठी अमरावतीला गेल्या आणि त्याच सकाळी आर्वीहून आत्याचा फोन आला की, काही कामासाठी ती नागपूरला येत असून दुपारी आमच्याकडेच जेवणार आहे. आत्याने आजवर असंख्य लग्नांच्या पंगतींत डाळभाजी जोखलेली आहे. तिच्यासाठी मी डाळभाजीच करायला घेतली, यावरून माझी बुद्धी त्या दिवशी कोठे होती हे कळावे.

गोकुळपेठेच्या बाजारातून पालक आणला, तूर आणि हरभऱ्याची डाळ धुतली, शेंगदाणे भिजवले. पालक हिरवागार राहावा म्हणून चिमूटभर सोडा टाकावा, असा सल्ला शेजारच्या वहिनींनी दिला. चिमूट कोणाची घ्यायची हे मात्र त्या बोलल्या नाहीत, म्हणून मी सोयीसाठी चमचा घेतला.

कुकरचे झाकण उघडले तेव्हा पालक पोपटासारखा हिरवा होता आणि डाळ विटेसारखी तांबडी. वहिनींचा सल्ला चुकीचा नव्हता, हे पुढे वाचून कळले. पानांतल्या हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. शिजताना पानांतलीच आम्ले ते बाहेर ढकलतात आणि हिरवा रंग शेवाळी होतो. सोडा त्या आम्लांना आवरतो, म्हणून पालक टवटवीत दिसतो, जरी चमच्याने उचलू गेल्यास तो लगदा असल्याचे उघड होते. पण त्याच भांड्यात हळदही होती आणि हळदीतले कर्क्युमिन आम्लात पिवळे असले तरी सोड्यासारख्या अल्कलीत लाल होते. एकाच चमच्याने एकाचा रंग राखला आणि दुसऱ्याचा घालवला.

आत्याने आल्या आल्या झाकण उचलले. "काहून रे बाबू, डाळीले कुंकू लावलं काय?"

मी शरमेने मान खाली घातली. वास्तविक घालायला नको होती, कारण आत्याच्या टोमण्यात रसायनशास्त्र तंतोतंत होते. आपल्याकडे पारंपरिक कुंकू हळदीवर चुन्याची प्रक्रिया करूनच तयार होते. मी चुन्याऐवजी सोडा वापरला, एवढाच फरक. आत्याने मात्र शास्त्रार्थाची वाट न पाहता फळीवरचे लिंबू कापून डाळीत पिळले. भांड्यात फसफस झाली, तांबडेपणा पाहता पाहता विरला आणि डाळ पुन्हा पिवळी झाली. मी टाळी वाजवणार इतक्यात, मंद आचेवर उकळणारा पालक हळूहळू खाकी होत असल्याचे लक्षात आले. आता डाळ शोभत होती आणि भाजी पोलिसांत भरती झाली होती.

"चुका टाकला असता त सोड्याची काय हिंमत होती?" आत्या म्हणाली. आंबट चुक्याचा हा उपयोग कोणत्याही पुस्तकाने मला इतक्या थोडक्यात सांगितला नसता.

खरी परीक्षा ताटाच्या डाव्या बाजूला होती. दोन दिवसांपूर्वी हौसेने मी लसूण ठेचून, लिंबाचा रस घालून लोणचे मुरत ठेवले होते. बरणी उघडली तर लसूण मोरपंखी! आत्याच्या घरी संत्र्याचा बगीचा आहे. तिने बरणी उजेडाकडे धरली आणि शांतपणे म्हणाली, "हे त मोरचूद आहे. आम्ही चुन्यात कालवून झाडाच्या बुंध्याले लावतो."

मोरचूद म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि लसणात तांब्याचा अंशही दिसण्याइतका नसतो, हे मी कळवळून सांगितले. लसूण ठेचला की त्यातली विकरे गंधकयुक्त संयुगे मोकळी करतात, ती अमिनो आम्लांशी जुळून लिंबाच्या आंबटपणात निळेहिरवे रंगद्रव्य बनवतात. आणि लसूण बरेच दिवस थंडीत राहिलेला असेल तर रंग अधिकच चढतो. आमचा लसूण महिनाभर फ्रीजमध्येच होता. उत्तर चीनमध्ये तर हिवाळ्यातल्या लाबा सणाच्या वेळी लसूण मुद्दाम व्हिनेगरमध्ये घालून पाचूसारखा हिरवा करतात आणि नववर्षाच्या मोमोसारख्या पदार्थाबरोबर आवडीने खातात.

"मग तिकडच्या पाहुण्यांसाठी ठेव," आत्याने बरणीचे झाकण लावले.

गंमत अशी की, त्याच ताटात लोखंडी कढईतली वांग्याची भाजी होती, आणि ती डांबरासारखी काळी झाली होती. वांग्यातली फिनॉल संयुगे लोखंडाशी जुळली की असेच होते. जो रंग बघून अनोळखी माणूस उपाशी उठला असता, त्या रंगाची भाजी आत्याने दोनदा मागून घेतली आणि वर "कढई चांगली जुनी आहे" असे प्रशस्तिपत्र दिले. तो काळा रंग तिच्या लहानपणापासूनचा होता. माझा निळा लसूण आजच घरात आला होता.

तेवढ्यात अमरावतीहून फोन आला. आत्याबाई नीट जेवल्या ना, स्वयंपाक कसा झाला, असे सौभाग्यवतींनी विचारले. चव उत्तम आहे, असे मी ठामपणे सांगितले. फोनचा आवाज मोठा होता हे मात्र मी विसरलो होतो.

"सूनबाई," आत्या भाताचा घास थांबवून म्हणाली, "त्याले रंग विचार."