घंटा तडकली, चर्च मात्र राहिलं

घरच्या ग्रुपवर आतेभावाने, आमच्या दादाने, नुकतंच लिहिलं, ‘अहमदनगरचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, आता मिशनवाल्यांच्या जुन्या शाळा आणि चर्चही हटवा. गुलामीच्या खुणा कशाला सांभाळायच्या?’ मी हरकत घेतली, तर दादाचं उत्तर आलं, ‘तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस.’ चार दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

अहिल्यादेवींच्या नावाला माझी हरकत नाही. त्यांचं जन्मगाव चौंडी आमच्याच जिल्ह्यातलं. राग आला तो ‘हटवा’ या शब्दाचा.

मी राहते त्या अमेरिकेतल्या मार्बलहेड गावाच्या जुन्या भागात सेंट मायकल्स नावाचं एपिस्कोपल, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून निघालेल्या पंथाचं, चर्च आहे, १७१४ सालचं. तेव्हा हे कॉड माशाच्या मासेमारीवर जगणारं बंदर होतं. चर्च इंग्लंडच्या राजाचं, तिथे दर रविवारी राजासाठी प्रार्थना व्हायची. १७७६ च्या जुलैमध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची बातमी आली, तेव्हा लोक आत घुसले. राजाचं राजचिन्ह खाली ओढलं आणि घंटा तडकेपर्यंत बडवली. धर्मगुरू जोशुआ विंगेट वीक्स राजनिष्ठ होते, त्यांना गाव सोडावं लागलं. युद्धाच्या काळात चर्चला कुलूप लागलं.

हे गाव काही मवाळ नव्हतं, दादा. वॉशिंग्टनच्या सैन्याला बर्फाळ डेलावेअर नदीपार नेणारे जॉन ग्लोव्हरचे खलाशी इथलेच. तरीही इमारत कुणी पाडली नाही. घंटा बॉस्टनच्या पॉल रिव्हिअर या कारागिराने पुन्हा ओतून दिली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जॉन एल्ब्रिजने १७३२ साली पाठवलेलं पितळी झुंबर आजही तिथेच लटकतं. गेल्या नाताळात मी त्याच्याखाली उभी होते. शत्रूच्या देशातून आलेलं झुंबर, पण जतन करताना कुणाला कमीपणा वाटला नाही.

राजाशी नातं मात्र त्यांनी पक्कं तोडलं. इंग्लंडमध्ये बिशप व्हायचं तर राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे, म्हणून कनेटिकटचे धर्मगुरू सॅम्युएल सीबरी १७८४ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जाऊन बिशप झाले. १७८९ साली अमेरिकेतलं एपिस्कोपल चर्च स्वतःच्या घटनेवर उभं राहिलं आणि प्रार्थनेच्या पुस्तकातला राजा गेला. बाकीची उपासना बरीचशी तशीच राहिली.

आणि नगरच्या मिशनचं म्हणशील, तर तो धागा माझ्या इथल्या शेजारगावातून निघतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या मिशनऱ्यांना ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलमच्या टॅबरनेकल चर्चमध्ये दीक्षा मिळाली आणि पुढल्या वर्षी ते मुंबईला पोचले. त्यांचा पंथ वेगळा, एपिस्कोपल नव्हे. पण त्यांच्याच मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणं मांडलं, आणि पुढे तिथे अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरारबाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्यातली एक शाळा जोतिरावांनी पाहिली, सावित्रीबाईंनी फॅरारबाईंकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. धर्मांतराचा हेतू त्या कामामागे होता, हे मीही नाकारत नाही. पण हे पुसलं तर सावित्रीबाईंच्या घडणीतलं एक पान फाडावं लागेल. फाडायचंय?

इथवर मला माझं म्हणणं सोपं वाटत होतं. मग ‘तिकडे बसून’ पुन्हा आठवतं. मी वीक्ससारखी पळून आलेली नाही, शिकायला आले आणि राहिले. मागच्या वर्षी बॉस्टनच्या फॅनिल हॉलमध्ये हात वर करून परकीय राज्याची निष्ठा सोडून अमेरिकेशी निष्ठेची, नागरिकत्वाची शपथ मीही घेतली. म्हणताना आवाज चिरकला. सीबरींना जी शपथ घेणं जमलं नाही, तसलीच एक मी पाच मिनिटांत घेऊन मोकळी झाले.

परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाचा अर्ज भरताना जन्मस्थळाच्या रकान्यात जन्मदाखल्याप्रमाणे ‘अहमदनगर’ लिहिलं आणि हात थांबला. त्या नावाचं शहर आता नाही आणि त्या देशाची नागरिक मीही नाही. दादाला हे मी लिहिलेलं नाही. सुट्टीत नगरला गेले की स्टँडवर घ्यायला तोच येतो, आणि त्याच्या गाडीत मागे बसल्यावर मला अजून कुणी पत्ता विचारत नाही.