विकण्याआधी गाडी अशी धुवा

जुनी गाडी विकायला काढलीत? मग फोटो टाकण्याआधी माझं जरा ऐका. गेल्याच महिन्यात मी एक जुनी गाडी घेतली आहे, त्यामुळे हा विषय मला आता अगदी तळपायापासून समजलेला आहे. तळपाय का, ते पुढे येईलच.

सुरुवात टायरपासून करा. घासत बसू नका, वरून काळं पॉलिश फासा. टायरच्या बाजूला तारखेचे चार आकडे असतात. 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. त्या आकड्यांवर दोन हात जास्त मारा. कुणी वाकून वाचलेच, तर कंपनीचा बॅच नंबर आहे म्हणून सांगा. गाडी बघायला येणारे बहुतेक जण वाकत नाहीत. मीही वाकलो नव्हतो.

मग बॉनेट उघडून आत जोरात पाणी मारा. तेल कुठून गळतंय ते ज्या डागांवरून कळतं ते डागच गेले, की गळती बरी झाली असं समजायचं. ऑइल भरायचं झाकण आतून पुसायला मात्र विसरू नका. तिथे कॉफीच्या रंगाचा चिकट साका दिसला, की कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) तेलात उतरतंय का, असं विचारणारा एखादा अतिशहाणा निघतोच. (कधी कधी हा साका नुसत्या दमटपणानेही धरतो, पण ते पटवून देत कोण बसणार? पुसा आणि मोकळे व्हा.)

गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास गाडी फिरवून आणा. थंड इंजिन चालू करताना खडखडतं, निळा धूर सोडतं, नको ते सगळं बोलून जातं.

चेक इंजिनचा दिवा पेटलाय? स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पुसून टाका. दोन-चार दिवस गाडी चालली की पुन्हा पेटेल, पण तोवर ती दुसऱ्याच्या दारात असेल.

मीटर मागे फिरवलं असेल तर पेडलची रबरंही बदला. मीटर तीस हजार सांगतंय आणि ब्रेकच्या पेडलवरच्या रेघा पार पुसल्यात, हे बरं दिसत नाही.

गाडी ठोकलेली असेल तर ती ओली असताना दाखवा, पाण्याखाली रंगातला फरक लपतो.

आता वास. हे प्रकरण नीट मनावर घ्या, कारण खरी कला इथेच आहे. एक फ्रेशनर एसीच्या जाळीला लावा, एक आरशाला लटकवा, एक सीटखाली सरकवा आणि वर भरपूर स्प्रे मारून काचा बंद ठेवा. दार उघडताच फुलांच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं पाहिजे. मला अगदी तस्संच वाटलं होतं. "आत्ताच आतून धुतलीय ना दादा, म्हणून जरा दमट लागेल," असं ते गृहस्थ म्हणाले. मला तर कौतुकच वाटलं, केवढा टापटिपीचा माणूस!

पाचव्या दिवशी फुलं कोमेजली आणि खालून दुसरा वास वर आला. ओलं पोतं बंद कपाटात ठेवून विसरलं की येतो, तो. मी केबिन फिल्टर बदलला. एसीच्या कॉइलवर फेस मारून झाला. रात्रभर कार्पेटवर खायचा सोडा पसरून ठेवला आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून काढला. वास जागचा हलला नाही. बाराव्या दिवशी चालवताना चप्पल काढली, आणि मोजा ओला! पाऊस नाही, बाटली सांडलेली नाही, फुटमॅट वरून कोरडी.

मेकॅनिकने सीट उतरवून कार्पेट उचललं. खाली अंगठ्याएवढ्या जाडीचं नमद्यासारखं अस्तर असतं. त्याने ते नुसतं दाबलं तर बोटांमधून पाणी निघालं, तपकिरी. त्याखाली पत्र्यावर बारीक गाळाचा थर. सीटच्या रुळांना गंज. मग त्याने सीट बेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढला. रोज जेवढा बाहेर येतो तेवढा स्वच्छ, आणि आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची सरळ रेघ. गाडी कुठवर बुडाली होती, ते पट्टीने मोजून दिल्यासारखं. आणि कार्पेट? वरून शाम्पूने धुतलेलं, ब्रशच्या रेघा अजून शाबूत. ज्याने हे केलं त्याला खाली काय आहे ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर वरचं इतकं मन लावून धुतलं!

शेजारच्या सीटखाली एक पिवळा कनेक्टर होता. त्यातल्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. "हा पिवळा म्हणजे एअरबॅगचा," एवढंच मेकॅनिक म्हणाला. मी थोडा वेळ काहीच बोललो नाही. त्या सीटवर माझी बायको बसते.

सर्व्हिसची वही कुणी मागितली तर "घरी शोधतो" म्हणा.

पुरे झाला उपरोध. अहो, गाडी बुडाली तर बुडाली, पाण्याला कुणी बोलावलं नव्हतं. तसं सांगितलं असतंत तर मी कमी पैशात घेतली असती, नाहीतर घेतली नसती, पण रोज कुणाला तरी तिच्यात बसवून फिरलो नसतो. गाडी पुसा हो, कोण नको म्हणतंय? डिकी रिकामी करा, काचा आतून पुसा, सीटच्या फटीतला कचरा काढा. पण काय बिघडलंय ते एका कागदावर लिहून द्या. इंजिन थंड असू द्या, माणसासमोर चालू करा. एवढं करायला शाम्पूसुद्धा लागत नाही. तुम्ही मात्र तीन फ्रेशनर विकत आणलेत, आणि आता माझा फोन कट करता. लाज नाही वाटत?

आणि एवढी धुलाई करून गाडीतल्या स्क्रीनवर हात फिरवायचा राहिलाच तुमचा. नकाशात "घर" दाबलं की अजून तुमच्याच दाराचा रस्ता दाखवते ती. रविवारी घरी असा. अस्तर पिशवीत भरून घेऊन येतोय, अजून ओलंच आहे.