काँग्रेसला उभा राहिलो, काँग्रेसकडून नव्हे

"बाबा, मी काँग्रेसला उभा राहतोय," एवढंच मी फोनवर म्हणालो आणि साताऱ्याकडून नुसता पंख्याचा आवाज यायला लागला. आमच्या बाबांनी जन्मात काँग्रेसला मत दिलेलं नाही. थोड्या वेळाने फोनवर आई आली. "काय बोललास रे त्यांना? चहा तसाच टाकून अंगणात जाऊन बसलेत."

मग तिला समजावलं. इथे अमेरिकेत काँग्रेस म्हणजे संसद. खालच्या सभागृहात 435 जागा, मुदत अवघी दोन वर्षं. वय 25 पूर्ण हवं, नागरिक होऊन सात वर्षं झालेली हवीत आणि माणूस त्याच राज्यात राहणारा हवा. अकलेबद्दल घटनेत काही म्हटलेलं नाही. राष्ट्राध्यक्ष व्हायला जन्माने अमेरिकन असावं लागतं, खासदारकीला साताऱ्याचा जन्म चालतो.

"पण उभा कुणाकडून?"

"एक तिसरा पक्ष आहे."

"म्हणजे तिसरी आघाडी," आई म्हणाली आणि तिने सुस्कारा सोडला. तिने तिसऱ्या आघाड्या पुष्कळ पाहिल्या आहेत.

पक्षाचं नाव मी सांगत नाही. सांगून तुम्ही ओळखणार आहात अशातलाही भाग नाही. 2022 च्या हिवाळ्यात न्यू जर्सीतल्या एका वाचनालयाच्या खोलीत मी त्यांच्या बैठकीला गेलो. नऊ जण होते. त्यातल्या एक आजी पुढच्या तासाच्या विणकामाच्या वर्गासाठी लवकर येऊन बसल्या होत्या. इतिवृत्त लिहायला कुणी तयार होईना, म्हणून मराठी मंडळाच्या सवयीने मी लिहिलं. पुढच्या बैठकीत मी उमेदवार होतो.

पहिलं संकट नावाचं. पक्षाचा मतपत्रिकेवर हक्काचा स्तंभ हवा असेल, तर विधानसभेच्या मागच्या निवडणुकीत राज्यभरातल्या 10 टक्के मतांची पुण्याई लागते. ती नसेल तर सह्या जमवून अर्ज करायचा, आणि आपला पक्ष किंवा तत्त्व जास्तीत जास्त तीन शब्दांत लिहायचं. आमच्या पक्षाच्या नावात चार शब्द. कुठला गाळायचा यावर अडीच तास चर्चा झाली. शेवटी 'न्याय' गेला. त्याबरोबर दोन सभासदही गेले. म्हणजे मतमोजणीच्या पाच महिने आधीच आमच्या पक्षाची पंचवीस टक्के मतं फुटली होती. आजी मात्र आमच्याकडेच राहिल्या. वर्ग सुरू व्हायचा होता.

दुसरं संकट सह्यांचं. तेव्हा खासदारकीला 100 सह्या लागत. जॉर्जियात म्हणे मतदारसंघातल्या 5 टक्के मतदारांच्या लागतात. त्या मानाने न्यू जर्सी म्हणजे माहेर. शंभर काय, आपल्या ओक ट्री रोडवर देशी किराणा दुकानाबाहेर उभं राहिलं तर तासाभरात होतील, असा माझा हिशोब.

पहिला तरुण 'एच-वन' वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. दुसऱ्याला ग्रीन कार्ड मिळून दोनच वर्षं झालेली. तिसरं कुटुंब पेन्सिल्वेनियाहून महिन्याची तूरडाळ भरायला आलेलं. चौथा नागरिक होता, मतदारही होता, पण "कुठल्याही कागदावर सही करायची नाही, असं वडिलांनी मरताना सांगितलंय," म्हणाला. सगळ्यात उत्साही निघाले ते मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले सांगलीचे एक आजोबा. त्यांनी माझ्या शेजारीच खुर्ची टाकली, वसंतदादांच्या काळापासूनच्या निवडणुका सांगितल्या, दोनदा चहा पाजला आणि शेवटी सहीसाठी पेन मागितलं. टुरिस्ट व्हिसा असल्याने सही चालत नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग अंगठा घ्या."

चार शनिवार गेले. जूनमध्ये प्रायमरीच्या, म्हणजे मोठ्या पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या दिवशी दुपारी चारला मुदत संपत होती. 183 सह्या घेऊन ट्रेंटनला, राज्याच्या राजधानीत, सकाळी दहालाच पोचलो. फॉर्मसाठी लवकर जाऊन रांग लावायचे संस्कार आहेत आपले. रांग नव्हती.

आता पैसा. साताऱ्याहून मामाचा फोन. "पाचशे एक पाठवतोय, नारळ फोड." मी घाबरलो. परकीय माणसाचा एक पैसाही अमेरिकेतल्या निवडणुकीत चालत नाही. "मामा, नको रे, कायद्याने तू परका लागतोस."

"परका? तुझं जावळ माझ्या मांडीवर काढलंय!"

तो अजून आईशी या विषयावर बोलतो, माझ्याशी बोलत नाही. शिवाय पाच हजार डॉलरच्या वर पैसे जमवले किंवा खर्च केले, तरच फेडरल कायदा तुम्हाला उमेदवार मानतो. माझी मजल त्याच्या निम्म्यावरही गेली नाही. त्यामुळे मतपत्रिकेवर मी होतो, पण कायद्याच्या हिशेबात उमेदवार नव्हतो. जाहीर वादसभेच्या आयोजकांचं तर्कशास्त्र तर याहून सरस. सर्वेक्षणात पाच टक्के मिळाल्याशिवाय बोलावणार नाही, म्हणाले. सर्वेक्षणात माझं नावच नव्हतं. मी 'इतर'मध्ये होतो.

हे सगळं चाललं असतं. मी हरलो तो एका वाक्यापुढे. दारोदार गेलो की मंडळी आत बोलवायची, चिवडा पुढे करायची, "तुमच्यासारखा माणूस हवा हो," म्हणायची आणि मग ते वाक्य यायचं: "पण मत वाया जाईल ना!"

यावर मराठी माणसाला काय उत्तर देणार? ज्या वहिनी हे म्हणाल्या त्यांच्या फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या सहा डब्यांत कढीपत्ता, खोबरं, विरजण असं सगळं होतं, फक्त श्रीखंड नव्हतं. ओट्याच्या दांडीवर धुतलेल्या झिपलॉक पिशव्या वाळत होत्या. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा करणारा आपला समाज. तो अख्खं मत वाया घालवेल?

शेजारचा गोरा म्हातारा आकडे घेऊनच बसला होता. 2000 साली राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत फ्लोरिडात तिसऱ्या पक्षाच्या राल्फ नेडरला 97,488 मतं पडली आणि बुश जिंकले 537 मतांनी. हे तो अशा नजरेने सांगायचा, जणू ती मतं मीच खाल्ली. मी 2000 साली कराडला मेसच्या पातळ आमटीत डाळ शोधत होतो.

8 नोव्हेंबरला निकाल लागला. टक्केवारी विचारू नका, दशांशचिन्हाच्या उजवीकडे बरंच काही होतं. आमच्या मतदान केंद्रावर नऊ मतं. बाबांनी विचारलं, "डिपॉझिट वाचलं का?" त्यांना सांगितलं की इथे डिपॉझिटच घेत नाहीत. ते जरा विचारात पडले. "मग आपण पडलो हे माणसाला कळतं कसं?"

त्याच रात्री मिशिगनमधून बेळगावचे श्री ठाणेदार निवडून आले. आईचा फोन पहाटे पाचला. "ते बघ, आपल्याकडचेच, आले निवडून! तू का नाही त्यांच्या पक्षाचं तिकीट मागितलंस?" इथे तिकीट दिल्लीहून येत नाही, आधी प्रायमरीत लोकांपुढे जावं लागतं, हे मी सांगू लागलो. "मागून तरी बघायचंस," ती म्हणाली.

मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम त्यानंतर झाला. चाळीसएक जणांनी हात हातात घेऊन "माझं मत तुम्हालाच" सांगितलं. त्या नऊ मतांत हे चाळीस कसे बसवायचे यावर मी फराळ संपेपर्यंत विचार करत होतो. गुडघ्याच्या ऑपरेशनवर सल्ले देणाऱ्या एका काकांनी तर पाठीवर थाप मारली. "आमच्या घरातली चारही मतं तुम्हालाच!"

राहिल्या प्रचाराच्या लॉनवरच्या पाट्या. दोनशेच्या खाली छापून देत नाहीत, म्हणून दोनशे घेतल्या होत्या. एकशे चाळीस गॅरेजमध्ये. मी रीसायकलिंगच्या डब्याकडे निघालो तर बायको आडवी आली. "एवढं चांगलं प्लास्टिक टाकतात का कुणी?" उन्हाळ्यात तारांवर कारली चढली, काही पाट्यांवर सांडगे वाळले. आणि पुढच्या वर्षी गणपतीला बाकीच्यांचं मखर झालं, छापील बाजू आत, वरून सोनेरी कागद. येईल तो बघतच राहायचा.

आरतीच्या आधी दिव्यांची माळ लागेना. गुडघ्यांचे ते काका प्लग शोधायला वाकून मखराच्या मागे शिरले. जरा वेळ शांतता. मग आतून आवाज आला, "अरेच्चा! तुम्ही निवडणुकीला उभे होतात होय? कधी?"