आकडा कुठल्या दिवसाचा?

नमस्कार. फ्रेल्टी, म्हणजे म्हातारपणी शरीराची ताकद ओसरून येणारा दुबळेपणा, यावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत की वडील तापाने अंथरुणाला खिळलेले असताना कुणीतरी येऊन 'फ्रेल, सात' (म्हणजे बराच दुबळा) असं लिहून गेलं आणि ऑपरेशन बारगळलं. त्यावरून तुमचं म्हणणं असं की ऑपरेशनआधी दुबळेपणा मोजायच्या या चाचण्या म्हणजे म्हाताऱ्यांना नाकारायची सोय आहे, अनुभवी डॉक्टरला नुसतं बघून कळतं.

आधी माझी चूक. फ्रेल्टीच्या एक ते नऊ या मोजपट्टीबद्दल लिहिताना मी मुख्य गोष्टच गाळली. आकडा आजच्या अवस्थेचा धरायचा नसतो, आजारी पडण्याच्या दोन आठवडे आधी माणूस कसा होता त्याचा धरायचा असतो. लेखात आता दुरुस्ती केली आहे.

पण 'नुसतं बघून कळतं' हे मला पटत नाही. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मोठ्या ऑपरेशनआधीच्या १,४०१ रुग्णांचा अभ्यास आला. ज्यांची दमछाक व्यायामाच्या चाचणीत खरोखर दिसली, त्यांच्यापैकी जेमतेम १९ टक्के डॉक्टरांच्या अंदाजाला सापडले होते. मी भूलतज्ज्ञ आहे, माझीही नजर अशीच फसली आहे. एका आजींच्या आतड्यातली गाठ काढायची होती. जिने चढता का? "हो, रोज." बोलणं खणखणीत. मग खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत यायला सांगितलं. उठताना दोन्ही हात रेटावे लागले, वळताना बोटं भिंतीला टेकली. घड्याळाचा पट्टा मनगटावर सैल फिरत होता. पुन्हा विचारल्यावर कळलं, जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्या थांबत होत्या.

ऑपरेशन नाकारलं नाही. हातात तीन आठवडे होते. रक्त कमी होतं, त्यासाठी शिरेतून लोह दिलं. जेवणात प्रथिनं वाढवली, दिवसातून दोनदा उठाबसीचा आणि श्वासाचा व्यायाम ठेवला. ऑपरेशननंतर भ्रम होऊ शकतो हे आधीच माहीत असल्याने चष्मा आणि कानाचं यंत्र उशाशी ठेवलं होतं. एक रात्र त्या बरळल्याच, पण नर्स आणि मुलगी दोघीही घाबरल्या नाहीत. चाचणी केली नसती तर यातली कुठलीच तयारी झाली नसती.

वडील आजारापूर्वी स्वतः आंघोळ करत होते का, बाहेर जाऊन सामान आणत होते का, औषधं आपली आपण घेत होते का, हे कागदावर लिहा. तो कागद भूलतज्ज्ञांसमोर ठेवा आणि आकडा पुन्हा काढायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.