बिझनेस क्लासमधून पोरांना हाकला म्हणे!

आधीच सांगते, रडणाऱ्या पोराशेजारी बसायची हौस मलाही नाही. पण आमराईत सकाळच्या फिरण्यानंतर आमच्या बाकावर जो ठराव जवळजवळ एकमताने मंजूर झाला, तो मला पटलेला नाही. सांगलीत विमानतळ नाही, कोल्हापूर नाहीतर पुणं-मुंबई गाठावी लागते. तरी घरटी कुणीतरी दुबईला नाहीतर अमेरिकेत असल्यामुळे विमानावर मतं मात्र भरपूर. ठराव असा: बिझनेस आणि फर्स्ट क्लासमध्ये लहान मुलांना बंदी पाहिजे. "अहो वहिनी, लाखांत पैसे मोजायचे आणि रात्रभर कुणाचं तरी कार्टं भोकाड पसरणार?" इति एक निवृत्त साहेब.

ही कल्पना काही नवी नाही. मलेशिया एअरलाइन्सने 2011 मध्येच फर्स्ट क्लासमध्ये तान्ह्या बाळांना मनाई केली होती, तेव्हाही जगभर असाच वाद झाला होता.

माझा मुद्दा साधा आहे. पुढून हाकललेलं बाळ जाणार कुठं? विमानातच ना? पडद्याच्या अलीकडून पलीकडे. रडणं तेवढंच, कान फक्त बदलले. ज्यांनी कमी पैसे दिले, जे गुडघे समोरच्या सीटला टेकवून बसलेत, त्यांनी ते ऐकायचं. याला शांतता म्हणत नाहीत, आपला त्रास दुसऱ्याच्या गळ्यात मारणं म्हणतात. आणि पैशाचंच म्हणाल तर मांडीवरचं बाळ आंतरराष्ट्रीय विमानात सहसा फुकट नसतंच. बऱ्याच कंपन्या मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास घेतात, म्हणजे बिझनेसमध्ये ते दहा टक्केही चांगलेच जड.

बरं, तान्हं घेऊन पुढं बसतं कोण? सगळेच काही शेठ नसतात. माझी भाची बाळंतपणानंतर काही महिन्यांनी अमेरिकेहून आली. सिझेरियन झालेलं, कंबर धरलेली, पंधरा-सोळा तासांचा प्रवास. नवऱ्याने साठवलेले पॉइंट मोडून तिला आडवं होता येईल अशी सीट घेतली. मुंबईला विमान खाली यायला लागलं तेव्हा बाळाला पाजायचं म्हणून तिने आधीची एक वेळ मुद्दाम पुढं ढकलली होती. कारण विमानातला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तसा ठेवलेला असतो, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही विरळ हवा. उतरताना तो भराभर वाढतो आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. पसरणीचा घाट उतरून वाईत येताना आपलेही कान बंद होतात, आपण आवंढा गिळतो, जांभई देतो. बाळाला ते सांगणार कोण? दूध ओढताना गिळणं होतं आणि कान मोकळे होतात, म्हणून तिचा तो आटापिटा. तरी पोरगं रडलंच. शेजारच्या गृहस्थांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा टाकला. पोरगी खाली उतरेपर्यंत "सॉरी, सॉरी" म्हणत होती.

साहेबांनी लगेच भावे नाट्यमंदिराचा दाखला दिला. नाटकात मूल रडलं की बाहेर न्यायला सांगतातच ना? सांगतात, आणि बरोबरच आहे. पण तिथं बाहेर जायला दार असतं, आणि नाटक पुढच्या खेळालाही बघता येतं.

आणि पुढच्या वर्गात मोठी माणसं काय गुण उधळतात? 2022 च्या नोव्हेंबरात एअर इंडियाच्या न्यूयॉर्क-दिल्ली विमानात, बिझनेस क्लासमध्येच, दारू प्यायलेल्या एका प्रवाशाने वयस्कर बाईंच्या अंगावर लघवी केल्याचं प्रकरण आठवतंय का? विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी यंत्रणेने कंपनीला 30 लाखांचा दंड ठोकला होता. तेव्हा पुरुषांना बिझनेस क्लास बंद करा असं आमच्या बाकावर कुणी म्हणालं नाही!

आईबापांची बाजू मी सरसकट घेत नाही. पाच वर्षांचं पोर पुढच्या सीटला लाथा मारतंय, मोबाइलवर कार्टून फुल आवाजात चालू आहे आणि बाप घोरतोय, हे मीही पाहिलंय. तिथं विमानातल्या कर्मचाऱ्यांनी बापाला उठवून खडसवावं, माझा पूर्ण पाठिंबा. ते वागण्याबद्दल झालं. वयावरून बंदी ही निराळी गोष्ट.

ज्याला शांतता हवी त्याच्यासाठी वेगळ्या रांगा ठेवा की. इंडिगोने 2016 मध्ये 1 ते 4 आणि 11 ते 14 या रांगा बारा वर्षांखालच्या मुलांना बंद केल्या होत्या. कोरेंडन या कंपनीने 2023 मध्ये ॲमस्टरडॅम-कुरासाव मार्गावर सोळा वर्षांवरच्यांचा वेगळा विभाग जाहीर केला, साध्या सीटला 45 युरो जादा. जपान एअरलाइन्स तर सीट निवडतानाच नकाशावर बाळाचं चित्र दाखवते, म्हणजे तुम्ही लांबची सीट घ्या. यातला कुठलाही उपाय मला चालेल, फक्त तो साध्या वर्गातही हवा.

तसंही साहेब, बिझनेसवाल्यांना आवाज अडवणारे हेडफोन बऱ्याच कंपन्या तिकिटातच देतात. आम्हा मागच्यांना ते घरून न्यावे लागतात.