काळीज लागतं म्हणे!

आज रविवार. सकाळी पावसातच सायकलने साताऱ्याचा यवतेश्वर घाट चढून आम्ही आठ-दहा जण वरच्या टपरीवर चहाला थांबलो होतो. माझा सतरा वर्षांचा, ५१ किलो वजनाचा पुतण्या नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी पोहोचून ओल्या कठड्यावर बसला होता. गेल्या आठवड्यात तीन दिवसांच्या एका शर्यतीत घाटाच्या दिवशी तो पहिला आला आणि एकूण निकालात सातवा. त्यावरून बोलणे निघाले, तेव्हा आमच्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, “घाटात कुणीही नाचेल रे, शर्यत जिंकायला काळीज लागतं.” पोराने अर्धा चहा तसाच ठेवला आणि हेल्मेट चढवले. घरी येऊन दोन तास झाले तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

काळजाचा इथे संबंधच काय? तेवीस वर्षांपूर्वी मीही ५२ किलोचा होतो आणि आषाढातल्या अशाच एका सकाळी माझी एका मित्राशी पैज लागली होती. पोवई नाक्यावरून निघायचे, यवतेश्वरमार्गे कास गाठायचे, परत खाली उतरायचे आणि तसेच महामार्गाने उंब्रजला जायचे. मित्र ८४ किलोचा, मांड्या पैलवानाच्या. घाटात मी त्याला इतके मागे टाकले की कासला पोहोचून कणीस भाजून घेतले, लिंबू-मीठ चोळले, अर्धे खाल्ले, तेव्हा कुठे तो धापा टाकत वर आला. उरलेले अर्धे मी त्याच्या हातात ठेवले. पैज जिंकल्याच्याच थाटात होतो मी!

फेडेरिको बहामोन्तेस या स्पॅनिश सायकलपटूबद्दल असेच सांगतात की, १९५४च्या टूर द फ्रान्समध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीत, तो घाटमाथ्यावर सर्वांच्या आधी पोहोचला आणि आइस्क्रीम खात बाकीच्यांची वाट पाहत उभा राहिला. घाटांचा राजा हा किताब त्याने सहा वेळा मिळवला; टूर मात्र एकदाच, १९५९मध्ये. त्याला उताराची भीती वाटे, असेही म्हणतात. मला ते लगेच पटते, कारण कासहून उतरताना त्या ओल्या वळणांवर मी ब्रेक सोडलाच नव्हता आणि मित्र कणसाचे बुरकूंड फेकून देऊन माझ्या शेजारून दगडासारखा खाली गेला.

त्या गृहस्थांनी जरा हिशेब समजून घ्यावा. चढावर वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटर असतो, झुंज स्वतःच्या वजनाशी असते, त्यामुळे किलोमागे ताकद किती एवढेच पाहिले जाते आणि हलका माणूस तिथे राजा ठरतो. सपाटीवर वेग पंचेचाळीसच्या घरात गेला की सामना हवेशी होतो. वेग दुप्पट करायचा तर हवेविरुद्ध आठपट ताकद लागते, आणि तिथे किलोमागची नव्हे, एकूण ताकद मोजली जाते. मोठ्या माणसाची ताकद मोठी असते, पण हवा अडवणारी त्याची छाती काही त्या प्रमाणात रुंद नसते. त्यात शर्यतीच्या नियमाने सायकलचे किमान वजन ६.८ किलो, सगळ्यांना सारखेच. म्हणजे ओझेही हलक्यालाच जास्त! टूरचे एकवीस टप्पे असतात. त्यातल्या मोजक्या टप्प्यांवर या पोरांना वेळ कमावता येतो, आणि उरलेल्या प्रत्येक दिवशी तो गमावण्याची सोय असते.

नायरो किंतानाचेच घ्या. कोलंबियातल्या अडीच हजार मीटरहून उंच गावात वाढलेला हा मुलगा. २०१५च्या टूरमध्ये वैयक्तिक टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध मारायची शर्यत, अवघी १३.८ किलोमीटरची होती, म्हणजे मार्ग जणू त्याच्यासाठीच आखलेला. पण दुसऱ्याच दिवशी नेदरलँड्सच्या समुद्रकाठी, जिथे टेकडीसुद्धा नाही, आडव्या वाऱ्याने घोळका फुटला आणि किंताना क्रिस फ्रूमच्या १ मिनिट २८ सेकंद मागे पडला. शेवटी आल्प द्युएझवर त्याने फ्रूमला ८० सेकंद मागे टाकले, तरी टूर हरला. किती वेळाने? १ मिनिट १२ सेकंदांनी. आता सांगा, काळीज कुठे कमी पडले?

त्या पैजेत उंब्रजच्या वाटेवर, नागठाण्याच्या अलीकडे माझे तेच झाले. वारा उजवीकडून, उसाच्या शेतांवरून येत होता. अशा वाऱ्यात पुढच्याच्या तिरके, डाव्या अंगाला राहिले तरच आडोसा मिळतो, हे मला ठाऊक नव्हते. आणि ठाऊक असते तरी उपयोग नव्हता, कारण मित्र डांबराच्या डाव्या कडेला चिकटून चालला होता आणि त्याच्या डावीकडे नुसता चिखल होता. मी त्याच्या मागच्या चाकाकडे बघत राहिलो. आधी हातभर अंतर पडले, मग ट्रकभर, आणि मग तो दिसेनासा झाला.

होआकिम रोद्रिगेज या स्पॅनिश घाटवीराला तर असा मित्रही लागला नाही. २०१२च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीतल्या टूरसारख्याच शर्यतीत, तो ३१ सेकंदांची आघाडी घेऊन शेवटच्या दिवशी मिलानमध्ये उतरला. एकट्याने २८ किलोमीटर सपाट रस्ता कापायचा होता, आणि तीन आठवड्यांची शर्यत तो १६ सेकंदांनी हरला. अशा माणसाला कुणी “घाटात नाचणारा” म्हटले की माझे डोके फिरते.

हो, हलके घाटवीरही जिंकतात: १९९८मध्ये मार्को पान्तानीने जिरो आणि टूर दोन्ही जिंकल्या, २०१९मध्ये एगन बर्नालने टूर जिंकली, हे मान्य. टूर जिंकलेला योनास विंगेगार्डही साठ किलोच्या आसपासचाच आहे. पण तो टाइम ट्रायलही जीव तोडून मारतो, आणि आमची घाटवेडी पोरे सपाटीच्या सरावाला नाके मुरडतात, हेही नाइलाजाने लिहितो. पुतण्याही त्यातलाच. शर्यतीत दोन मिनिटे त्याने सपाटीवरच घालवली.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. ते गृहस्थ मनाने वाईट नाहीत. पंक्चर झाले की सर्वांत आधी तेच थांबतात. पण त्या पोराच्या समोर तसे बोलायला नको होते.

मघाशी पुतण्याला सांगितले आहे की, उद्या पहाटे घाट नाही, उंब्रज. वारा उजवीकडून असेल. मी कडेपासून दोन हात सोडून चालवीन, त्याने माझ्या डाव्या अंगाला राहायचे. माझे वजन आता ७९ किलो आहे, आडोसा भरपूर मिळेल.